कोरड्या वाळूतलं जांभूळ

फेब्रुवारी लागला की मी लोखंडाला बोट लावत नाही. आधी मूठ वळते आणि बोटांच्या मागच्या गाठी टेकवते. झटका तेवढाच बसतो, पण गाठींवरची कातडी जाड असते, बोटाच्या टोकासारखी झोंबत नाही. ही सवय इतकी अंगात मुरली आहे की बँकेच्या दाराला, रिक्षाच्या दांडीला, पाहुण्यांच्या गेटलाही माझ्या आधी गाठीच लागतात. लोकांना वाटतं बाई दार वाजवतेय.

उरवड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून माझी पत्र्याची शेड आहे. काचेवर वाळू मारून नक्षी काढायचं काम आम्ही करतो. काचेला चिकट कागद लावायचा, नक्षीपुरता कापून उचलायचा आणि कंप्रेसरच्या हवेनं त्यावर वाळूचा मारा करायचा. उघडी राहिलेली काच दुधाळ होते, झाकलेली आरपार राहते. वाळू हा तोंडात बसलेला शब्द. नदीची वाळू मी केव्हाच बंद केली, तिची धूळ छातीत जाऊन बसते. आता पिशवीतून लालसर दाणे येतात, पण सगळे त्यालाही वाळूच म्हणतात. महाळुंग्याला आणि नेऱ्याला इमारती उठायला लागल्या तसं काम वाढत गेलं. बाथरूमची दारं, देवघराची दारं, ऑफिसातल्या केबिनी. मी सुरुवात दुसऱ्याच्या दुकानात काचा पुसण्यापासून केली होती. शेड, यंत्र, गिऱ्हाईक, सगळं भांडून मिळवलं आहे. हे मी मोठेपणानं सांगत नाही. भांडून मिळवलेल्या गोष्टी सांभाळायलाही रोज भांडावं लागतं, आणि त्याचा आता कंटाळा आला आहे.

त्या फेब्रुवारीत माझा थोरला भाऊ शेडवर आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. गावात नवा बंगला बांधून होत आला होता, वास्तुशांतीची तारीख धरली होती. तो दारातच उभा राहिला. आत ये म्हटल्याशिवाय आत यायचं नाही हे त्याला कळत होतं, आणि मी म्हणत नव्हते.

"बाय, दार करायचंय," तो म्हणाला. "पुढलं. आख्ख्या काचंचं."

"त्याच्यावर काय पायजे? गणपती?"

"गनपती न्हाई. जांभूळ."

"कुठलं जांभूळ?"

"आपलंच की. बांधावरचं."

मी कागद कापायचं पातं खाली ठेवलं. "ते तर तू इकलंस, दादा."

"जमीन इकली. झाड कुटं इकलं?"

"मग झाड काय डोक्यावर घिऊन घरी आलास?"

 झाड आता नव्हतंच. ओढ्याकडचं रान ज्यांनी घेतलं त्यांनी भिंत घालायच्या आधी ते तोडलं.

त्या रानाची गोष्ट सांगायलाच हवी. सातबाऱ्यावर माझंही नाव होतं, आणि विक्रीतला माझा वाटा मला मिळाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. घ्यायला आलेल्या माणसानं जो पहिला आकडा तोंडातून काढला, त्याला दादा 'बरं' म्हणाला. पहिला आकडा. भाजीवालीनं सांगितलेला पहिला भाव मी मान्य केल्याचं कुणाला आठवत नसेल. वाळूची पिशवी, कंप्रेसरचा पट्टा, शेडचं भाडं, लग्नातला मांडव, आमच्या सगळ्या भावकीत भाव करता येणारं एकच माणूस आहे. त्या माणसाला निरोप आला तो सगळं ठरल्यावर. आधार कार्ड घेऊन ये. मी पोचले तेव्हा सगळ्यांचे चहा पिऊन झाले होते. मला सहीची जागा दाखवली. मी सही केली आणि तिथून बोलणं टाकलं.

दोन वर्षं हे मी मनात धरून होते. आता समोर उभा राहून तो म्हणाला, "भाव सांग. घरचं म्हून कमी करू नगं."

"भाव करायला शिकलास व्हय तू?" मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. मला तेवढ्यानं बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. मग मी माझी अट सांगितली. दाराचा एक रुपया नको. पण वरचं रान अजून आहे. ते मागायला कुणी आलं, तर मी समोर बसेपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही. मला सहीला नव्हे, भाव करायला बोलवायचं.

"बघू," तो म्हणाला.

दादाचं 'बघू' मला लहानपणापासून माहीत आहे. त्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही. म्हणून तो घरच्यांना 'बघू' म्हणतो आणि बाहेरच्यांना 'बरं'. मी तरी काम घेतलं. का घेतलं ते माझं मलाच नीट सांगता यायचं नाही. कदाचित ते झाड मलाही पाहायचं होतं.

पण महिना चुकीचा होता.

फेब्रुवारी का नको, हे मला शेडच्या पहिल्या वर्षातच समजलं होतं. शेड सुरू केली त्या पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी वाळू मारायची गन धरणाऱ्याच्या हाताला झटके बसायला लागले. तो माणूस बिहारचा, कामाला चांगला, पण एक दिवस गन ठेवून बाहेर जाऊन बसला. "दीदी, यह मशीन काटती है," म्हणाला. मी आधी त्याच्यावर चिडले, मग स्वतः गन धरली आणि माझंही बोट चटकलं. मला वाटलं वायरिंग खराब. शेडमालकाशी भांडले. इलेक्ट्रिशियन आणला, त्यानं जमिनीत खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं, त्याच्याशी मजुरीवरून भांडले. झटके चालूच. पुन्हा मालकाशी भांडले.

एक दिवस ऐन कामात वीज गेली. कंप्रेसर बंद पडला, पण टाकीत हवा शिल्लक होती. चिडून मी मेन स्विचही खाली ओढला आणि उरलेल्या हवेत काचेचा कोपरा पुरा करायला गेले. बोटाला चटका बसला. शेडमध्ये विजेचा थेंब नव्हता आणि तरी झटका बसला. मी तशीच गन धरून उभी राहिले. म्हणजे हे वायरमधून येतच नव्हतं. वाळूतून येत होतं. दाणा दाण्याला घासतो, रबरी नळीला घासतो, काचेला घासतो, आणि घासून घासून त्याच्यात जे साठतं ते मिळेल त्या वाटेनं बाहेर पडतं. ती वाट म्हणजे आमची बोटं.

मालकाची मी माफी मागितली नाही. शेड पावसात गळत होती, भांडायला दुसरं कारण तयारच होतं.

पाऊस सुरू झाला आणि झटके आपोआप बंद झाले. मला वाटलं सुटलो. पण मग वाळूच ओल धरायला लागली. दाणे एकमेकांना धरून बसायचे, गोळे व्हायचे, नोझल तुंबायचं. गन सुकी फुसफुसायची आणि मग एकदम गुठळी सुटून काचेवर डाग पडायचा. गिऱ्हाईक दारात, काम पडून. तेव्हा मी हुशारी केली. चुलीवर मोठी लोखंडी परात ठेवून वाळू भाजली. शेंगदाणे भाजतात तशी, उलथण्यानं हलवत, हाताला चटके बसेपर्यंत. बाहेर धो धो पाऊस, आणि माझी वाळू अशी मोकळी की मुठीत थांबत नव्हती. गरम गरमच टाकीत भरली आणि गन चालवली. आयुष्यात खाल्लेला सगळ्यांत मोठा झटका तो. कोपरापर्यंत गेला. हातातली गन सुटली, वळवळत काचेवर आपटली आणि काच गेली.

त्या दिवशी मला दुसरी अर्धी गोष्ट कळली. उन्हाळा-पावसाळा असं काही नाही. प्रश्न ओलीचा आहे. दाण्यांवर आणि काचेवर ओलीचा पातळसा हात फिरलेला असला की घासून साठलेलं त्या ओलीवरून निघून जातं, कुणाला कळतही नाही. हवा अगदी कोरडी, वाळू अगदी कोरडी, की ते जागच्या जागी साठत राहतं. ओल जास्त झाली की वाळू चालत नाही, कमी झाली की वाळू चावते. मधली ओल सापडली पाहिजे, आणि ती बाजारात विकत मिळत नाही. मिळाली असती तर मी भाव केला असता.

बरीच खटपट करून जे हाताशी आलं ते असं. गनच्या तोंडाला तांब्याची तार, ती बाहेर जमिनीत ठोकलेल्या सळईला, आणि सळईच्या बुडाशी रोज पाणी. जमिनीवर शिंपण. वाळू मारायच्या खोलीच्या दाराला आधी मी ओलं गोणपाट लावायचे, पण ते अकरा वाजेपर्यंत कडकडीत होऊन जायचं. मग घाटाकडून मेंढरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याकडून जुनी घोंगडी घेतली. तो म्हणाला, "बाई, ही पांघरायची हाय, दाराला लावायची न्हाई." मी म्हटलं मग दाराच्या भावानं द्या. हसला आणि दिली. लोकर पाणी सोडत नाही. सकाळी भिजवली तर दुपारपर्यंत तिच्यातून ओल येत राहते.

तरीही फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात मोठी काच मी घेत नाही. काच जितकी मोठी तितकं तिच्यात जास्त साठतं. धूळ अशी चिकटते की फुंकरीनं हलत नाही, कोरड्या फडक्यानं पुसली तर आणखी येते. चिकट कागदाच्या बारीक कडेखाली ओढल्यासारखी शिरते. गणपतीच्या सोंडेला ते चालून जातं. जांभळाच्या शेंड्याच्या डहाळ्या सुतळीएवढ्या असतात.

आणि गन धरणारा होळीला गावी गेला होता. म्हणजे ते दार मलाच मारायचं होतं.

झाड मी आठवणीनं काढलं. फोटो कुणाकडे नव्हता, लग्नाच्या एका फोटोत मागे नुसती सावली होती. बुंधा, त्याला कमरेइतक्या उंचीवर फुटलेला फाटा, ओढ्याकडे वाकलेली लांब फांदी. कागद कापायला चार-पाच दिवस गेले. मान धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रात्री स्वयंपाक करायचा जीव राहिला नाही, दूध-भाकरी खाऊन पडत होते.

वाळू मारायची ती सकाळी. सूर्य वर यायच्या आधी पश्चिमेच्या धरणाच्या बाजूनं हवेत थोडा ओलसरपणा उतरलेला असतो, तेवढाच वेळ. पहिल्या दिवशी मी पोचले तर दादा आधीच शेडच्या पायरीवर बसलेला. अंगात स्वेटर, हातात दुधाची किटली. वहिनीनं पाठवलं म्हणाला. मी काही विचारलं नाही. त्याच्या हातात बादली दिली.

"काय करू?"

"सळईला पानी घाल. मग घोंगडी भिजव. मग हितं शिंपड. स्वेटर काढून ठेव."

"थंडी हाय."

"लोकर सुकी हाय तुझी. काढ."

त्यानं काढला. थोरल्या भावाला कामाला लावून मी उभी होते आणि तो निमूट शिंपडत होता, अंगणात सडा टाकावा तसा ओणवून. मी डोकं-कान झाकणारी टोपी चढवली, तोंडाला श्वासाची नळी लावली आणि बुंध्यापासून सुरुवात केली.

पहिल्या दिवशी बुंधा झाला. दुसऱ्या दिवशी फाटा आणि खालच्या फांद्या. ऊन पत्र्यावर आलं की मी थांबायचे. हातावरचे केस काचेकडे ओढायला लागले की समजायचं, आता हवा सुकली. मग दिवसभर दुसरी लहान कामं करायची, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची. वास्तुशांतीची तारीख जवळ येत होती. वहिनीचा फोन आला, "वन्सं, दार झालं न्हाई तर आमी पडदा लावू का?" मी म्हटलं लावा, तुमचाच पडदा. तिनं फोन ठेवला. वहिनीशी माझं असंच चालतं, त्यात कुणाला काही लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळ कोरडीच उगवली. रात्रभर वारा उलटा, पूर्वेचा. मी घोंगडी दोनदा भिजवायला लावली. ओढ्याकडची लांब फांदी मारत होते तेव्हा दादा मागून आत आला. तो काहीतरी बोलत होता, टोपीत मला ऐकू येईना. मी गन थांबवली.

"फांदी हिकडं न्हवती," तो म्हणाला. "वरल्या अंगाला होती."

"ओढ्याकडं होती."

"अगं मी चढलोय त्या झाडावर."

"मी पडलेय."

"ही बघ, हितनं अशी जात होती," म्हणत त्यानं काचेच्या कडेच्या लोखंडी चौकटीकडे बोट नेलं. टचकन आवाज आला. तो मागे उडाला आणि ओल्या जमिनीवर बसला. पहिल्यांदा त्यानं बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लाइट आली," तो म्हणाला.

"लाइट न्हाई."

"आगं हात मुंग्यांनी भरलाय माझा."

मी जाऊन मेन स्विच खाली ओढला. कंप्रेसर थांबला. मग टाकीतल्या हवेवर थोडी वाळू मारली आणि त्याला म्हटलं, आता लाव हात. तो लावेना. मी मूठ वळून गाठी टेकवल्या. टचकन वाजलं.

"असं लावायचं. मग कमी झोंबतं."

"मग हे येतं कुटनं?"

"घासून. हवा सुकी असली की जायला वाट न्हाई, मग तुझ्यातनं जातं. ओल असली की गुमान निघून जातं. म्हून तर पानी घालायला लावतेय तुला."

तो बराच वेळ बोटच चोळत राहिला. "रोज लागतं तुला?"

"थंडी सरल्यापासून पाऊस येईस्तोवर."

"कदी बोलली न्हाईस."

"कदी इचारलं न्हाईस."

तो उठला. ओली विजार तशीच, बादली घेऊन सळईकडे गेला आणि सळईच्या बुडाशी पाणी ओतत राहिला, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मी फांदी ओढ्याकडेच मारली. वरच्या रानाबद्दल तो बोलला नाही, मीही विषय काढला नाही. माझी अट मी एकदा सांगितली होती. दुसऱ्यांदा सांगितली की ती विनंती होते.

दार वेळेत झालं. एका जागी, शेंड्याजवळ, धूळ कागदाखाली शिरली होती आणि दोन डहाळ्यांमध्ये एक पांढरट धब्बा राहिला होता. मला तो लांबूनही दिसतो. बाकी कुणाला दिसत नाही, किंवा दिसला तरी पान वाटतं.

वास्तुशांतीला मी जेवणाच्या वेळी गेले. पूजा झाली होती. पायात गोळे आले होते, मान अजून वळत नव्हती. बायका दारासमोर उभं राहून फोटो काढत होत्या. वहिनीनं मला साडी दिली, पंगतीत पहिल्या रांगेत बसवलं. वरण, भात, बटाट्याची भाजी, बुंदी. चार घास झाले असतील, तर समोरच्या मांडवात खुर्चीवर एक माणूस दिसला. ओढ्याकडचं रान घेताना मध्ये होता तो दलाल. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. तो दादाच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होता आणि बोलता बोलता वरच्या रानाकडे हनुवटी करत होता. मला शब्द ऐकू येत नव्हते, पण भाव सांगताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मला चांगलं माहीत आहे. आकडा त्यानं सांगून टाकला होता. आता तो 'बरं' ऐकायला थांबला होता.

मी घास हातात तसाच धरला. उठून जावं असं वाटलं. मग वाटलं, नाही. उठून गेले तर मी माझ्या पायांनी गेले. मला बोलावणं हवं होतं.

दादानं दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, जांभूळ भिंतीला टेकलेलं. मग तो दलालाला मोठ्यानं म्हणाला, पंगतीला ऐकू जाईल असं, "बघू."

मी त्याला हा शब्द बाहेरच्या माणसाला म्हणताना कधी ऐकलं नव्हतं.

दलाल हसला. "बघू काय, साहेब? आज मुहूर्त आहे. मी आकडा सांगितलाय, तुम्ही होय-नाही सांगा फक्त."

"मी न्हाई सांगत. भाव बहीन करती." त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "ती जेवतीय. जेवू द्या तिला."

त्याला माझं म्हणणं पटलं होतं, की ती जबाबदारी गळ्यातून काढायला त्याला मी बरी सापडले होते, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असेल. आनंद झाला म्हणावं तर तसंही नाही. दोन वर्षं जे मागत होते ते मिळालं आणि ते शेवटी कामच निघालं, आणखी एक. संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवर ताठ बसायचं, चहा नको म्हणायचं, चेहरा हलू द्यायचा नाही.

दलालानं घड्याळ पाहिलं, मग माझं ताट पाहिलं. त्याला घाई होती. मी पाणी प्यायले, भाजी संपवली. वाढणारी मुलगी जवळून गेली तेव्हा तिला थांबवून मी आणखी भात मागितला. भूक नव्हती. सावकाश कालवला आणि सावकाश जेवायला लागले.